नारळ तू फोडला नव्हतास

जनार्दन, परवा आपल्या विभागात तुझी शोकसभा झाली आणि तिच्यात तुला माफ करण्यात आलं. खोटं नाही सांगत. विभागप्रमुख उभे राहिले, चष्मा पुसला, तुझ्या फोटोकडे बघून म्हणाले, "चुका कोणाच्या हातून होत नाहीत? कोळींच्या हातूनही एक मोठी झाली. पण आम्ही ती पोटात घातली." पुढच्या रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या. तुझा मेहुणा मागे भिंतीला टेकून उभा होता, त्यानं नजर जमिनीकडे वळवली. फोटोला घालायचा हार माझ्या हातात होता. तो मी फोटोला न घालता खुर्चीवर ठेवला.

पुढे मी काय केलं ते सांगते. त्याआधी एक गोष्ट. आठ वर्षं मी तुला "कोळी, तुम्ही" म्हणत आले आणि तू मला "मॅडम". देवाला आणि गेलेल्या माणसाला आपल्याकडे तूच म्हणतात, म्हणून आज तू म्हणतेय. शिवाय मला तुझ्याशी भांडायचंय आणि "तुम्ही" म्हणत मला धड भांडता येत नाही.

आठवतं, आपली पहिली भेट भांडणानंच झाली होती. मी नवी लेक्चरर, हंगामी, कोपरखैरण्याहून नवीकोरी साडी नेसून आलेली. आमच्या घराण्यात कॉम्प्युटर असलेल्या खोलीत पाऊल टाकणारी पहिलीच. वडिलांची हयात वाशीच्या बाजारात पाठीवर गोणी वाहण्यात गेली, त्यामुळे माझ्या डोक्यात लेक्चररपणाचं वारं जरा जास्तच भरलेलं. लॅबच्या दारात तू आडवा आलास. "मॅडम, चपला." मी म्हटलं, मी शिकवायला आलेय. "शिकवा ना. पन चपला भायेर." मी तशीच आत गेले. ओलं फडकं घेऊन माझ्या मागून प्रत्येक पाऊल पुसत आलास, थेट खुर्चीपर्यंत. बारा पोरं बारा मशीनमागे तोंड लपवून हसत होती. दुसऱ्या दिवशी मी चपला बाहेर काढल्या त्या आजतागायत.

नंतर कळलं की तू कोणालाच सोडत नाहीस. बाहेरच्या विद्यापीठातून बडे पाहुणे आले, त्यांनाही बूट काढायला लावलेस, आणि आपल्या सरांच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, मोज्यातून पायाचा अंगठा बाहेर डोकावताना अख्ख्या विभागानं पाहिला. सर ते कधीच विसरले नाहीत. मला तर वाटतं, पुढचं सगळं त्या अंगठ्यापासूनच सुरू झालं असावं.

लोक तुला हमाल समजायचे, काही इलेक्ट्रिशियन. कागदावर तू प्रयोगशाळा परिचर होतास. पण बारा मशीन आणि लाकडी केबिनमधला तो सर्व्हर, ज्याच्या पोटात बाकी सगळ्यांचं काम साठवलेलं असायचं, हे सगळं तुझ्या जिवावर चालायचं. कंपनीचा इंजिनीअर यायचा, टाय लावून, आणि अर्ध्या तासानं तुलाच विचारायचा, "कोळी, मागच्या वेळी काय केलं होतं?" तू खिशातून खोडरबर काढायचास. मशीनच्या आतल्या कार्डांचे सोनेरी दात खाडीच्या हवेनं काळे पडायचे, ते तू खोडरबरानं घासून लख्ख करायचास. पोरांची किती खोडरबरं तू जप्त केलीस याचा हिशेब नाही. आणि ते तुझं वास घेणं! सकाळी केबिनचं दार उघडलं की डोळे मिटून नाक वर करायचास. गरम झालेली धूळ तुला वासावरून कळायची. मी चिडवायचे, "बाजारात बोंबील निवडताय का?" तू म्हणायचास, "तसाच हाय ता मॅडम. खराब व्हायच्या आदी वास येतो."

आणि तुझे ते शनिवार. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी लॅब बंद. गुरुवारीच दारावर तुझ्या अक्षरात कागद लागायचा: "शनिवारी मशीन बंद राहतील. आपले काम शुक्रवारी पूर्ण करावे." त्या दिवशी तू सगळ्या मशीनची झाकणं काढायचास, धूळ उडवायचास, पंख्यांना तेल द्यायचास आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सर्व्हरमधल्या साऱ्या कामाची टेपवर एक नक्कल काढून ती वेगळ्या कपाटात ठेवायचास. पोरं कुरकुरायची, प्राध्यापक वैतागायचे, मीही वैतागले. चालू गाडी कशाला थांबवायची? मी एकदा तुला हेच विचारलं, तर तू वाद घातला नाहीस. "रविवारी घरी या," म्हणालास.

पावसाळा होता. दिवाळे गावात तुमच्या घरासमोर होड्या काठावर ओढून ठेवल्या होत्या. तुझे वडील एका होडीच्या बुडाखाली उकिडवे बसून फटींत कापूस ठासत होते. मी शहाणपणानं विचारलं, "बाबा, मासेमारी बंद ठेवायला जिवावर येत नाही?" म्हाताऱ्यानं वर न बघताच उत्तर दिलं, "दर्या काय मना इचारून येनार हाय? होडी कवा वर काढायची ता आपुन ठरवायचा. नाय ठरवला तं तो ठरवतो." तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास, जिंकल्यासारख्या. तुझ्या बायकोनं, सुनंदानं, मला तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं. मी माळकऱ्याच्या घरची, भाकरी चहाबरोबर खाल्ली. तुम्ही सगळे इतके हसलात की म्हाताराही होडीखालून बाहेर आला.

त्यानंतरच्या शनिवारी मी स्वतःहून आले. टेप कशी चढवायची, नक्कल नीट उतरली की नाही ते कसं तपासायचं, हे मला तू शिकवलंस. शिकवलंस म्हणजे, माझे हात चुकले की "हं" म्हणायचास. एकदाही टेप माझ्या हातातून ओढून घेतली नाहीस. माझ्या डिग्र्यांच्या वर्षांत इतका चांगला मास्तर मला भेटला नाही, हे तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणते.

आता त्या 'मोठ्या चुकी'च्या वर्षाबद्दल. त्या सप्टेंबरात आपल्या एम.एस्सी.च्या पोरांनी जासईपासून तळवलीपर्यंतच्या गावांतल्या विहिरींचं पाणी तपासलं होतं. रोज नमुने आणायचे, आकडे सर्व्हरमध्ये भरायचे. त्यावर त्यांचा प्रबंध आणि प्रबंधावर डिग्री. दुसऱ्या शनिवारसाठी तू कागद लावलास. सरांनी तो स्वतः काढला, चार घड्या घालून खिशात टाकला. "कोळी, शनिवारी समिती येतेय. सगळ्या मशीनचे दिवे लागलेले दिसले पाहिजेत." चौथ्या शनिवारी त्यांचे कोणी पाहुणे व्याख्यानाला होते, त्यांना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. तोही कागद गेला. दोन्ही वेळा मी तिथे उभी होते. मी तुला म्हटलं, "तुमच्या देखभालीच्या वहीत लिहून ठेवा, सरांच्या सांगण्यावरून रद्द म्हणून." आणि तू, जनार्दन, तू तुझा तो हट्टी चेहरा करून म्हणालास, "वहीन केलेला काम लिवायचा. न केलेला काम कशाला लिवू?" दोन ओळी कोऱ्या सोडल्यास. त्या दोन कोऱ्या ओळींवरून मी आजही तुझ्याशी भांडायला तयार आहे. तुझी ती बाणेदार वही शेवटी तुझ्याच गळ्याशी आली.

मग खंडेनवमी. दसऱ्याची सुटी म्हणून आदल्या दिवशी विभागात मशीनची पूजा. बाहेर लॅबमध्ये सगळे जमलेले, झेंडूच्या माळा, बत्ताशांची ताटं. आतल्या केबिनमध्ये जेमतेम तिघं मावायचे: सर, आरतीचं ताट घेऊन मी आणि तू. पूजेसाठी तू नवा आकाशी शर्ट घातला होतास. तू म्हणालास, "साहेब, पाच मिन्टं द्या. मशिन बंद करतो, वरती कापड टाकतो, मंग करा पूजा."

"बंद मशीनची पूजा करतात का, कोळी? पडद्यावर बघा, 'शुभ दसरा' किती छान दिसतंय."

"आमी होडीची पूजा करतो ती काठाला बांधून करतो."

"ही होडी नाही," सर म्हणाले आणि सर्व्हरच्या लोखंडी स्टँडच्या कोपऱ्यावर त्यांनी नारळ आपटला. पहिल्या दणक्याला नुसता तडकला. दुसऱ्याला फुटला आणि पाण्याची चूळ सरळ मशीनच्या वरच्या जाळीतून आत गेली. मी ते पाहिलं. ताट माझ्या हातात होतं, निरांजनाचा उजेड होता, आणि मी ते स्वच्छ पाहिलं. तू बटणाकडे झेपावलास, तर सरांनी तुझा हात धरला. "आरती अर्धी टाकता का? तीर्थ आहे ते, त्यानं काही बिघडत नाही." तू अंगातला शर्ट उतरवून त्यानं जाळी पुसायला लागलास. सर "सुखकर्ता" म्हणत राहिले आणि मी ताट ओवाळत राहिले. बाहेर आलास तो बनियनवर, तेव्हा लोक हसले. "काय कोळी, आखाड्यात उतरताय का?" शर्ट का काढला, हे मात्र पुढे चौकशीत कोणी विचारलं नाही.

बत्तासे वाटून होईतो बाराही पडदे गोठले. केबिनमधून जळका वास आला, तेव्हा त्यासाठी तुझं नाक लागलं नाही.

पुढचे चार दिवस तू काय केलंस ते मी पाहिलं, म्हणून सांगते. दसऱ्याला सगळं गाव सोनं लुटत होतं आणि तू फरशीवर वर्तमानपत्र पसरून सर्व्हरचा एकेक भाग मांडून बसला होतास. होस्टेलच्या पोरींकडून केस वाळवायचं यंत्र मागून आणलंस. स्पिरिट, कापूस, खोडरबर. मशीन पुन्हा सुरू झालं, पण आतली डिस्क फिरेना. टेपवर नक्कल होती ती पाच आठवड्यांपूर्वीची. ती चढवलीस, आणि विहिरींचे आकडे त्यात नव्हते. पोरं रडकुंडीला आली. तू उठून म्हणालास, "वह्या आना. चिखलाच्या, फाटलेल्या, जशा असतील तशा आना." मी आकडे वाचायचे, तू टाइप करायचास, दोन बोटांनी, पण चुकायचा नाहीस. तळवलीच्या वहीचं एक पान भिजून गेलं होतं. तू ते उजेडाकडे तिरकं धरून पेन्सिलीचे वळ वाचलेस. एका मुलीनं वही ठेवलीच नव्हती, थेट मशीनमध्ये भरत आली होती. तिला घेऊन तू जासईच्या विहिरींवर पुन्हा गेलास, येताना तिच्या हातात नवी वही होती. एकाही पोराचं वर्ष वाया गेलं नाही. दुपारी जिन्यावर डबा खाताना मी म्हटलं, "कोळी, कमाल केलीत." तू म्हणालास, "कमाल कसली? शनिवारी दोन तास दिले असते तं यातला काय करायला लागला नसता." तुझं कौतुकसुद्धा धड करू द्यायचा नाहीस.

आणि मग चौकशी बसली. सरांनी वर कळवलं होतं: नियोजित देखभाल न झाल्यानं बिघाड, जबाबदार परिचर कोळी. पुराव्याला वही होतीच, दोन कोऱ्या ओळींची. नारळाचा उल्लेखच नव्हता. केबिनमध्ये तिसरी मी, म्हणून मला जबाबाला बोलावलं.

आता मी जे लिहिणार आहे ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते आजवर कागदावर आलेलं नाही. माझी नोकरी तेव्हा पक्की झाली नव्हती. गोपनीय अहवाल सरांच्या हातात. तू मला आदल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये गाठलंस आणि हळूच म्हणालास, "मॅडम, तुमी ताट धरून उभ्या व्हत्या. तुमी काय पायला नाय. समाजला ना?" मी दोन वेळा नाही म्हणायला हवं होतं, मग तू दोन वेळा समजावलं असतंस. निदान तेवढं तरी. मी एकदाही म्हटलं नाही. तू परवानगी दिलीस आणि मी ती हिसकावून घेतली. दुसऱ्या दिवशी लिहून दिलं: "मी आरतीचे ताट घेऊन उभी होते. बिघाड कशामुळे झाला हे मी पाहिलेले नाही." खाली सही, वळणदार, पूर्ण नावानिशी.

तुझ्या सेवापुस्तकात शेरा गेला: कर्तव्यात कसूर, सक्त ताकीद. सहा महिन्यांनी माझी नोकरी पक्की झाली. पुढच्या वर्षी तांत्रिक सहायकाची जागा निघाली, जी तुझ्यासाठीच असल्यासारखी होती, आणि त्या शेऱ्यामुळे तुझा अर्ज पहिल्याच चाळणीत गळला. जो आला त्याला टेप कुठल्या बाजूनं घालायची ते तूच शिकवलंस. "हं" म्हणत.

मी तुझ्याकडे आले होते, जनार्दन. तीनदा आले. "आता मी जाऊन खरं सांगते," म्हटलं. पहिल्यांदा तू म्हणालास, मशिन चालू हाय ना, मंग राहू द्या. दुसऱ्यांदा चिडलास. "माझा नाव काय पाटीवर लावायचा हाय? तुमी बोललाव तं तुमी खोट्या ठरनार, मना काय भेटनार?" तिसऱ्यांदा, तीन आठवड्यांपूर्वी, मीच आवाज चढवला. म्हटलं, "हे तुमच्या एकट्याचं नाही. मला आरशात बघवत नाही." तू हातातला मशीनचा पंखा पुसून बाजूला ठेवलास. मग म्हणालास, "शनिवार होऊ दे. मंग बसून बोलू." शनिवारी तू आला नाहीस. कावीळ झालीय असं कळलं. मला वाटलं, कावीळच आहे, उतरेल, आणि तिनंच तुला नेलं. भेटायलासुद्धा आले नाही, कारण आले तर तुझं बोलणं अर्धवट राहिलंय याची तुला आठवण करून द्यावी लागली असती. हेही माझ्याच खाती जमा कर.

तर परवाची शोकसभा. "आम्ही ती पोटात घातली" असं म्हणून सर बसायच्या बेतात होते. वर सुचवलंही होतं की तुझा फोटो लॅबमध्ये लावू. मी उभी राहिले. म्हटलं, "सर, ती चूक कोळींची नव्हती. दोन शनिवार तुम्ही रद्द केलेत. मशीन चालू ठेवून नारळ तुम्ही फोडलात. पाणी आत गेलं ते मी पाहिलं."

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. अगदी मायेनं म्हणाले, "बाई, आपण सगळेच भावनेच्या भरात आहोत. पण चौकशीच्या कागदांत तुमचाच जबाब आहे. तुम्ही काही पाहिलेलं नाही. सही आहे तुमची." मग दोन मिनिटं शांतता पाळण्यात आली. मी उभी होतेच.

खरं सांगते, त्या दोन मिनिटांत मी तुझा विचार केला नाही. मी त्या सहीचा विचार करत होते. मला इतकी वर्षं वाटत होतं की तुझ्यावरचा डाग सरांनी लावला. तो टिकवून मीच ठेवला होता. सर खोटं बोलले, पण माझ्या सहीशिवाय ते एका दुपारपुरतंही टिकलं नसतं.

काल दिवाळ्याला गेले. सुनंदा ओट्यावर बसली होती, दहावं होऊन गेलेलं. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "वहिनी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय, त्या पूजेच्या दिवसाबद्दल." तिनं मला पुढे बोलूच दिलं नाही.

"नारलाचा पानी गेलेला, ता मना ठावं हाय. बाजारान माझ्यासंगती बसतान त्या समद्या बायांना ठावं हाय. एक तुमच्या हापिसानच कोनाला ठावं नाय."

"मी खोटा जबाब दिला, वहिनी."

"ता पन ठावं हाय."

"त्यांनी सांगितलं?"

"तो कशाला सांगतंय? तुमची नोकरी पक्की जाली ना, तवा त्यानं पेढं आनलं. अख्ख्या आलीन घरोघर वाटलं. मी इचारला, मॅडमची नोकरी, पेढं तू कशाला वाटतंस? तं बोलला, एक तरी मानूस वाचला. तवा मना समाजला."

माझे पेढे तू वाटलेस, जनार्दन. माझ्या घरीसुद्धा इतक्या आनंदानं कोणी वाटले नसतील. मी तिथे ओट्यावर मोठ्यानं रडले आणि तुझी बायको, जिनं मला धरून रडायला हवं होतं, ती मला पाणी देत होती. मग मी तिला विचारलं, "मी आता खरं लिहून दिलं तर चालेल?" ती म्हणाली, "त्याला इचारला असता तं नाय बोलला असता. मना इचारलाव ना? मी हां बोलतंय. माझी पोरगी उद्या त्याच हापिसान अर्ज टाकल. तिच्या बापाचा नाव तिथं धड पायजे."

रात्री भावनेच्या भरात नाही, आज सकाळी पूर्ण शुद्धीत बसून लिहिलं. एक पानभर. दोन शनिवार, दोन कागद, नारळ, पाणी, धरलेला हात, शर्ट. माझा जबाब खोटा होता आणि तो का दिला, हेही. कोळी यांच्या सेवापुस्तकातला शेरा रद्द करावा आणि खोट्या जबाबाबद्दल माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. तुझ्या कामाबद्दल गोड बोलणारं एकही वाक्य त्यात नाही. गोड बोलणारे परवा पुष्कळ झाले.

तुला राग येईल, माहीत आहे. तू म्हणशील, मॅडम, कशाला? पण तुझं ऐकून मी एकदा गप्प बसले आणि त्याचं काय झालं ते आपण दोघांनी बघितलं. चपलांचं ऐकलं, शनिवारचं ऐकलं, टेपचं ऐकलं. हे ऐकणार नाही. मोठ्या मनाचा तू होतास, मी नाही, आणि मोठ्या मनानं सोडून दिलेलं खोटं दुसऱ्याच्या सेवापुस्तकात जन्मभर जाऊन बसतं. तुला ते चाललं. तुझ्या पोरीला ते चालणार नाही आणि मलाही नाही.

कुलसचिवांच्या कार्यालयात आवक-जावकला तो सावंत बसतो. त्यानं कागद घेतला, वरवर वाचला, मग खुर्ची पुढे ओढून पुन्हा वाचला. "मॅडम, उगाच टेन्शन घेताय. माणूस गेला आता. यात तुम्हीच अडकाल."

"शिक्का मारा," मी म्हटलं.

त्यानं नोंदवही उघडली, नंबर टाकला, तारीख टाकली. विषयाच्या रकान्यावर पेन थांबलं. "काय लिहू? कोळींबद्दल तक्रार? सरांबद्दल तक्रार?"

"लिहा, चौकशीतली सही मागे घेण्याबाबत."

"कोणाची सही?"

"माझी."